ताईचा गुडघा आणि साडेतीन इंच

आमची ताई गाडीत बसत नाही, गाडीवर चाल करून जाते. आधी एक हात दाराच्या वरच्या कडेला. मग गुडघा गाडीच्या उंबऱ्यावर. मग कोपर सीटवर. आणि मग "हं!" असा एक आवाज करून सगळं अंग आत. बसली की आधी आरशात केस नीट करते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू उशीर मीच केला.

तिचं वय शहात्तर, माझं एकाहत्तर. गेली सव्वीस वर्षं फुलोरा आला की आम्ही दोघी बहिणी मधमाश्यांच्या वीस पेट्या पिकअपमध्ये घालून डोंगरावरच्या बागेत नेतो. गाडी मी चालवते, माश्यांचं सगळं ताई बघते. पेटीला कान लावला की आत राणी आहे की नाही, ते तिला कळतं. मला फक्त इंजिनाचं कळतं. ताई नसेल तर मी म्हणजे नुसती हमाल.

त्या बागेच्या फाटकात एक खडक आहे. जमिनीतून वर आलेला, कासवासारखा. मान फाटकाच्या दोन खांबांच्या मधोमध आणि पाठ आत, बागेत एका अंगाला. आम्ही त्याला कासवच म्हणतो. पूर्वी ही मान एवढीशी होती, गाडी आरामात वरून जायची. पण दर पावसात वाटेवरची माती वाहून जाते आणि कासव दर वर्षी थोडी थोडी मान वर काढतं. मागच्या वर्षी त्याने गाडीच्या पोटाला अशी धडक दिली की एका पेटीचं झाकण सरकलं आणि माश्या बाहेर आल्या. ताईला अकरा डंख, मला सात. बागवाल्याला एकच, पण बोंब त्याचीच सगळ्यात मोठी.

"पुढच्या वर्षी नीट वर येत असाल तर या," तो नाक चोळत म्हणाला, "नाहीतर मी दुसऱ्याला बोलावतो."

म्हणून या वर्षी फुलोऱ्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही गाडी घेऊन भाचीकडे गेलो. भाची म्हणजे ताईची लेक. टायर आणि स्प्रिंगांचं गॅरेज आहे तिचं. वस्तीत कुणाची गाडी कुरकुरली की तिच्या दारात उभी राहते. मी साठीत अक्षरं गिरवली ती तिच्याच गॅरेजात, टायरांवर लिहिलेलं वाचत वाचत. त्यामुळे मला आधी आकडे आले आणि माझं नाव नंतर.

गाडी बघून भाचीचे डोळे लकाकले.

"मावशी, किती वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय! स्प्रिंगा उंच करून चार इंच लिफ्ट देऊ. तेहतीस इंची टायर. सगळं मिळून गाडी सहा इंच वर जाईल. अशी दिसेल, की रस्ता आपणहून बाजूला होईल!"

"सहा इंच," ताई म्हणाली. तिने आपल्या गुडघ्याकडे बघितलं, मग गाडीच्या दाराकडे. "मग मला वर कोण फेकणार?"

"आई, मी खाली छानसं पायदान लावून देते."

"नको."

"मग एक छोटं स्टूल. सीटमागे ठेवायचं, लागलं की काढायचं."

ताईने हातातली पिशवी खाली ठेवली. ती पिशवी खाली ठेवते तेव्हा समोरच्याने गप्प बसायचं असतं.

"तुझे बाबा शेवटची दोन वर्षं स्टूल घेऊन हिंडत होते. पलंगापाशी स्टूल, न्हाणीत स्टूल, दारात स्टूल. मी तेव्हाच ठरवलं. ज्या दिवशी गाडीत चढायला मला स्टूल लागेल, पायदान लागेल, नाहीतर कुणाचा हात लागेल, त्या दिवसापासून मी घरी. मग हिने जावं एकटीने, आणि माश्यांना इंजिनाचा आवाज ऐकवावा."

ताई असं बोलली की तसंच करते. एकदा तिने चहातली साखर सोडते म्हटलं, त्याला तीस वर्षं झाली. गाडी उंच नाही केली तर बाग जाणार, उंच केली तर ताई जाणार.

"आधी बघू तरी, आपटतंय काय," मी म्हणाले, आणि भाचीची चाकांची फळी ओढून तिच्यावर आडवी झाले.

"मावशी, मी बघते ना!"

"गाडी माझी आहे. पोटही मीच बघणार."

गाडीखाली गेले. भाचीही शेजारी सरपटत आली, आणि थोड्या वेळाने बघते तर ताईसुद्धा गुडघ्यावर बसून मान वाकडी करून डोकावत होती. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या बुडाशी चकचकीत ओरखडे होते. आणखी कुठेच नाहीत.

"हे बघ," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उतरला. "आपटतोय तो गोळा. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी गोळा तिथेच राहतो. तो चाकांना बांधलेला आहे. स्प्रिंगांनी वरचं घर उचललं जातं, पाया जागचा हलत नाही."

"म्हणजे तुझी चार इंच लिफ्ट कासवाच्या काहीच कामाची नाही," ताई बाहेरून म्हणाली.

"नाही तशी."

"मग कशाला टाकत होतीस?"

"दिसायला," भाची पुटपुटली.

"उंटावरून शेळ्या हाकायला!" ताई म्हणाली, आणि गाडीखाली आम्ही दोघी एवढ्या हसलो की माझं कपाळ सायलेन्सरला लागलं.

गोळा वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. टायर जेवढा उंच होतो, त्याच्या निम्मा गोळा वर येतो. आमचे टायर होते एकोणतीस इंची. भाचीने खडूने फरशीवर हिशोब मांडला. एकतीस इंची घातले तर गोळा एक इंच वर. मग तिने टायरांना पट्टी नीट लावून बघितली, तर आमचे टायर झिजून अठ्ठावीसवर आले होते.

"म्हणजे दीड इंच!" भाची ओरडली. "ओरखडे बुडापासून किती वर गेलेत, मावशी?"

"एक बोट."

"दीड इंच म्हणजे दोन बोटं. झालं! पण एकतीसचा टायर आहे त्या जागेत मावणार नाही, खड्ड्यात गेला की वरच्या पत्र्याला घासेल. त्यासाठी थोडी लिफ्ट लागेलच. दोन इंच. त्याहून कमी नाही."

"दोन आणि दीड," मी म्हणाले. "साडेतीन."

आम्ही दोघींनी एकदम ताईच्या गुडघ्याकडे बघितलं. ताईनेसुद्धा.

"मोजा," ताई म्हणाली.

आता मापाचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या डोक्यात आलेली कल्पना मला फार हुशारीची वाटली. मी म्हटलं, ताई नेहमी गाडी भरल्यावरच चढते. आधी पेट्या, मग ताई. तेव्हा माप भरलेल्या गाडीवरच घ्यायचं. भरलेली गाडी खाली बसते, ते बोटभर माप उगाच का सोडायचं? भाचीनेही मान डोलावली. समोरच्या काचवाल्याच्या दुकानाशेजारी बांधकामाच्या वाळूची पोती पडली होती. काचवाल्याला विचारून आम्ही ती गाडीच्या हौद्यात भरली, वीस पेट्यांच्या वजनाइतकी. काचवाला मग काच कापायची सोडून खुर्ची घेऊन दारात येऊन बसला.

भाचीने चारही चाकांखाली एकेक इंची फळ्या सरकवायला सुरुवात केली.

एक इंच. ताई चढली, आरशात बघितलं, उतरली.

दोन इंच. चढली, उतरली. "हे तर काहीच नाही," म्हणाली.

तीन इंच. "हं" जरा मोठा झाला.

"आजी, चपला काढा," काचवाला ओरडला. "वजन कमी होईल!"

"तू जीभ काढून ठेव, गल्लीचं वजन कमी होईल!"

साडेतीन. ताईने दाराची कड पकडली. गुडघा वर गेला, उंबऱ्याच्या कडेवर टेकला, जरा घसरला, परत टेकला. कोपर. मग एक शब्द, जो मी इथे लिहीत नाही. आणि ताई आत! काचवाल्याने टाळ्या वाजवल्या. ताईने खिडकीतून हात हलवला, जणू निवडणूक जिंकली.

"चार बघू," ती म्हणाली.

"आई, चारची गरज नाही."

"बघू तर."

चारला गुडघा उंबऱ्याच्या खालीच राहिला. ताई दाराला लोंबकळली, मग हळूहळू घसरत खाली आली आणि फळ्यांवर बसून हसत सुटली. हसता हसता तिचे दात हातात आले. ते परत बसवून ती म्हणाली, "साडेतीन. त्याच्यावर एक केस नाही."

भाचीने चार दिवसांत काम केलं. नवे टायर बसले तेव्हा गाडीचा चेहराच बदलला. म्हातारीने नवे बूट घालावेत, तशी ती दिसायला लागली. भाचीने बजावलं, "मावशी, आता काटा पन्नास दाखवेल तेव्हा गाडी चोपन्न-पंचावन्नला असेल. टायर मोठे झालेत ना."

"म्हणजे गाडी खोटं बोलणार," ताई म्हणाली.

"तू जसं वय सांगतेस तसं," मी म्हणाले.

निघायच्या दिवशी पहाटे पेट्या भरल्या. माश्या आत शांत गुणगुणत होत्या. गाडी मागून खाली बसली, दारही बोटभर खाली आलं. ताईने चपला नीट केल्या आणि चाल केली. हात, गुडघा, कोपर, हं! पहिल्याच झटक्यात आत. मी शिट्टी मारली.

वाटेत एक गंमत झाली. डोंगराच्या वाटेला एका बाजूने दगडी भिंत आहे. सव्वीस वर्षं आम्ही तिच्या कडेने जातोय, पण भिंतीपलीकडे काय आहे ते आम्हाला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी ताई अचानक ओरडली, "थांब! थांब गं!"

मी घाबरून ब्रेक मारला. "काय झालं? झाकण सरकलं?"

"तळं आहे," ताई म्हणाली.

खरंच होतं. भिंतीपलीकडे मोठं तळं, त्यात पांढरी बदकं आणि काठाला एक माणूस, आमच्याकडे आश्चर्याने बघत दात घासत होता. ताईने त्याला हात केला. त्यानेही ब्रश हलवला.

"इतकी वर्षं हे इथेच होतं?"

"भिंतच तेवढी उंच होती."

"भिंत नाही गं. आपण ठेंगण्या होतो," ताई म्हणाली. मग सगळ्या वाटेने ती बोलत राहिली. त्याच्या मागे पण एक घर आहे, घराला निळं दार आहे, दारात बाई वाळवण घालतेय. मी रस्ता बघत होते आणि ताई सगळं जग. आभाळ ठेंगणं होणं म्हणतात ते काय, ते मला शेजारच्या सीटवर दिसत होतं.

फाटकात आलो. मी दात आवळले, गाडी अगदी सावकाश घेतली. पुढची चाकं कासवाच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी गेली. मग मागची. आम्ही दोघींनी श्वास धरला. काहीच आवाज नाही. गाडी वरून गेली!

"बिचाऱ्या कासवाला कळलंसुद्धा नाही," ताई म्हणाली.

बागवाला आणि त्याच्या माणसांनी पेट्या उतरवल्या. ताईने एकेक पेटीला कान लावला, प्रत्येकीची जागा ठरवली आणि दारं उघडली. माश्या बाहेर आल्या, चकरा मारून जागेची ओळख करून घ्यायला लागल्या. बागवाला खूष होता. त्याला या वेळी एकही डंख नव्हता. तो आणि त्याची माणसं पाणी सोडायला बागेच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

ताई गाडीपाशी आली. हात दाराच्या कडेला. गुडघा वर.

गुडघा उंबऱ्याला लागलाच नाही. एक बोट खाली राहिला.

"फसला," ती म्हणाली. परत केलं. परत एक बोट खाली. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा "हं" आधी आला आणि अंग मागे राहिलं.

माझ्या लक्षात आलं आणि माझे कान गरम झाले. गाडी रिकामी झाली होती. पेट्यांचं वजन गेलं, स्प्रिंगा वर आल्या आणि दार वर गेलं. मी माप घेतलं होतं जातानाचं. येताना गाडी रिकामी असते, हे सव्वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! इतकी वर्षं रिकामी गाडीसुद्धा बुटकीच होती, त्यामुळे कधी विचारच करावा लागला नाही.

"साडेतीन नाही हे," ताई सावकाश म्हणाली. "हे चार आहे."

बागवाला जाता जाता थांबला होता. "आजी, फळांचं खोकं देऊ का पायाखाली? हात देऊ?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. तो पाण्याकडे निघून गेला, नेहमीपेक्षा जरा भरभर.

"ताई, इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मग मी दगड गोळा करायला लागले. हौद्यात दगड भरू, गाडी खाली बसेल. ताई मोजत होती. तिसाव्या दगडाला माझी कंबर बोलायला लागली. ताईने दाराशी बोटाने माप घेतलं.

"एक केस खाली आली."

"किती केस हवेत?"

"डोकंभर," ताई म्हणाली. मला हसू आलं, तिलाही आलं, पण तिचं लवकर थांबलं. ती बागेच्या कडेला गेली आणि कासवाच्या पाठीच्या उतरत्या टोकावरून चढून वर जाऊन बसली. पाय खालच्या सपाट कडेवर टेकवले.

"तू जा," ती म्हणाली. "मी चालत येते."

"अकरा किलोमीटर?"

"संध्याकाळपर्यंत येईन. आणि पुढच्या वर्षी तू एकटी ये. मी बोलले होते." मग तिने खालच्या वाटेकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तळं मात्र छान होतं गं."

तिच्या गुडघ्यावर एक माशी येऊन बसली. तिने तिला उडवलं नाही. मी घामाने निथळत तिच्यासमोर उभी होते आणि बोलताना मान वर करावी लागत होती. ताईशी बोलताना मला मान वर करावी लागत होती! ताई माझ्या खांद्याला लागते. उभी राहिली तरी लागते, आणि इथे तर ती बसलेली होती.

मी गाडीत जाऊन बसले आणि इंजिन चालू केलं.

"खरंच निघालीस?" ताई ओरडली. "अगं, निदान पाण्याची बाटली तरी ठेव! सख्खी बहीण आहेस की सावत्र?"

मी गाडी मागे घेतली, वळवली आणि कासवाच्या पाठीला इतकी लगटून उभी केली की मधे माझी वीतही मावली नसती. मग आतून तिच्या बाजूचं दार उघडलं. दार कासवाच्या त्या सपाट कडेवरून सुळकन सरकलं. गाडीचा उंबरा ताईच्या तळव्यांच्या जरासाच वर होता.

ताईने वाकून आधी उंबरा निरखला, मग कासवाची कड.

"हे स्टूल आहे का?" तिने विचारलं.

"कासव आहे."

"मी मागितलं होतं?"

"नाही."

"तू आणलंस?"

"मी कुठून आणू? तुझ्याहून म्हातारं आहे ते."

"हात दिलास?"

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "हे बघ माझे हात."

ताई उठली. कपडे झटकले. केस नीट केले. आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जावं तशी एक पाऊल टाकून आत आली आणि सीटवर बसली. ना गुडघा, ना कोपर, ना हं.

मग तिच्या पोटातून आधी एक हुंकार आला आणि मग आम्ही अशा हसलो की मी हॉर्नवर आडवी पडले. पार बागेच्या टोकाकडून बागवाला धावत आला. त्याला वाटलं, परत माश्या लागल्या.

येताना तळ्यापाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो. हौद्यातले तीस दगड तसेच घरी आणले, ते उतरवायला भाचीला बोलावलं. तिने पहिला प्रश्न तोच केला.

"आई, वरून येताना रिकाम्या गाडीत चढलीस कशी? मला काल झोपेत आठवलं गं, आपण माप भरलेल्या गाडीचंच घेतलं!"

"चढायला काय झालं?" ताई म्हणाली. "चालत गेले."

मी सगळी हकीकत सांगितली. भाची डोक्याला हात लावून खाली बसली. मग म्हणाली, "पण फुलोरा संपला की पेट्या आणायला जाल, तेव्हा इथून रिकामी गाडी निघेल. इथे कुठलं कासव आहे?"

याचा विचार ताईने आधीच केला होता. "काचवाल्याला सांगितलंय, ती वाळूची पोती घेतेय. निघताना गाडीत भरायची, म्हणजे गाडी बसते. वाळू म्हणजे स्टूल नाही, वाळू म्हणजे माल. आणि वर नेऊन फाटकात ओतायची, कासवाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना. माती वाहून गेलीय ना तिथली."

भाचीने टायरांकडे बघितलं, स्प्रिंगांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"आई," ती म्हणाली, "फाटकात चार पोती वाळू आधीच ओतली असती, तर गाडी उंच करायचीच गरज नव्हती."

मी ताईकडे बघितलं. सव्वीस वर्षांत आम्हा दोघींपैकी एकीलाही हे सुचलं नव्हतं.

ताईने पिशवी उचलून खांद्याला लावली.

"मग तळं कसं दिसलं असतं?" ती म्हणाली, आणि दगड मोजायला गेली.